काळ्या मातीचा एक दूरदेशीचा परगणा

नववीच्या वर्गात 'भारतातील मृदा' हा धडा चालू असता एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, काळी जमीन जगात फक्त आपल्याकडेच आहे का?" आम्ही "नाही, अन्यत्रही आहे" एवढे म्हणालो आणि तास संपल्याची घंटा झाली. उत्तर अर्धे राहिले. अर्धे राहिलेले उत्तर हे शिक्षकाच्या डोक्यावरचे कर्जच होय. ते फेडण्याकरिता आम्ही नकाशे व जनगणनेचे आकडे काढून बसलो, आणि मातीचा शोध घेता घेता माणसांच्या गोष्टीत जाऊन पडलो. त्या शोधाची हकीकत पुढे दिली आहे.

आधी एक कबुली दिली पाहिजे. आम्ही स्वतः जांभ्याच्या मुलखातले. गोव्यातील आमच्या घरी अंगणापासून विहिरीच्या तळापर्यंत सारा तांबडा दगड आणि तांबडी माती. घरची भाषा कोकणी, शिक्षण मराठीत. नोकरीनिमित्त घाट चढून बेळगावास आलो तेव्हा शहराच्या पूर्वेकडील शेतांत काळी जमीन प्रथम पाहिली. उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगांत हात कोपरापर्यंत गेला. पहिल्या पावसानंतर त्याच शेतातून चालताना उजव्या पायाची चप्पल मातीने ठेवून घेतली, ती आजतागायत परत दिलेली नाही. सांगावयाचे इतकेच की, ह्या मातीचा स्वभाव आम्ही पुस्तकात वाचण्यापूर्वी पायांनी शिकलो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, दक्षिणेकडील अलाबामा राज्याच्या मध्यभागातून काळ्या जमिनीचा एक पट्टा जातो. त्याचे नावच 'ब्लॅक बेल्ट', म्हणजे काळा पट्टा. ह्या पट्ट्यात लाउंड्झ नावाची एक कौंटी आहे. कौंटी म्हणजे राज्याखालचा प्रशासकीय विभाग. तिला आपण जिल्हा म्हणू शकलो असतो, परंतु आकाराने ती आपल्या जिल्ह्याहून पुष्कळच लहान असते. एकट्या अलाबामा राज्यात अशा ६७ कौंट्या आहेत. म्हणून येथे आम्ही 'परगणा' हा आपला जुना शब्द वापरतो. प्रत्येक परगण्याला मुख्य ठिकाण असते, तेथे न्यायालय असते, आणि शेरीफ नावाचा पोलिसांचा मुख्य अंमलदार असतो. हा शेरीफ वरून नेमला जात नाही, परगण्यातले मतदार त्याला निवडतात. ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

लाउंड्झ परगण्याचे क्षेत्रफळ सुमारे ७२५ चौरस मैल, म्हणजे अदमासे १,८८० चौरस किलोमीटर आहे. आपला बेळगाव जिल्हा त्याच्या सातपट मोठा. २०२० च्या जनगणनेत ह्या परगण्याची लोकसंख्या १०,३११ भरली. बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ साली ४७,७९,६६१ होती. आपल्याकडे चौरस किलोमीटरला ३५६ माणसे राहतात, तर तेथे साडेपाच! परगण्याचे मुख्य ठिकाण हेनव्हिल येथे हजारभरसुद्धा वस्ती नाही. दक्षिणेस लोहमार्गावर फोर्ट डिपॉझिट नावाचे गाव आहे. परगण्यातले सर्वांत मोठे गाव ते हेच, आणि त्याचीही वस्ती बाराशेच्या आसपास. बाकी लोक शेतांच्या व झाडीच्या कडेने, एकमेकांपासून दूर दूर विखुरलेले आहेत.

परगण्याच्या उत्तर सीमेवरून अलाबामा नदी मोठमोठी वळणे घेत पश्चिमेकडे जाते. पूर्वेस राज्याची राजधानी माँटगोमेरी, पश्चिमेस सेल्मा हे शहर, आणि त्या दोहोंना जोडणारा महामार्ग क्रमांक ८० ह्या परगण्यातून जातो. नदीकाठी गाळाची जमीन आहे, मध्यभागी काळी जमीन आहे, व दक्षिणेस भूमी टेकड्यांनी उंचावत जाते आणि पाइन वृक्षांची वने लागतात. उन्हाळा कडक व दमट असतो. वर्षाकाठी सुमारे पन्नास इंच पाऊस पडतो. हा पाऊस आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळून थांबत नाही, तो बाराही महिने थोडाथोडा पडतो. त्यामुळे तेथील काळ्या जमिनीला कोरडे होण्यास आपल्या जमिनीइतकी सवड मिळत नाही.

आता त्या विद्यार्थ्याच्या मूळ प्रश्नाकडे वळू. दख्खनची काळी माती ज्वालामुखीच्या रसापासून झालेल्या बसाल्ट खडकाची झीज होऊन बनली आहे. अलाबामात ज्वालामुखी नव्हता, तेथे समुद्र होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी, ज्याला भूशास्त्रज्ञ क्रिटेशियस कालखंड म्हणतात त्या काळात, उथळ उबदार समुद्राने हा भाग व्यापला होता. त्याच्या तळाशी सूक्ष्म जीवांची कवचे साचत गेली आणि त्यांचा जाड खडू बनला. त्यास सेल्मा खडू म्हणतात, आणि त्यात प्रचंड सागरी सरड्यांचे सांगाडे सापडतात. समुद्र हटल्यावर ह्या खडूवर चिकणमाती तयार झाली व तिच्यावर गवताळ राने माजली. गवत कुजून कुजून माती काळी झाली. थोडक्यात, जन्मदाते खडक अगदी निराळे, एक अग्नीतून आलेला व दुसरा पाण्यातून. परंतु दोन्ही मातींत पाणी पिऊन फुगणारी व वाळली की आकसणारी चिकणमाती भरपूर असल्याने स्वभाव सारखा. मृदाशास्त्रज्ञ दोन्हींकडील खऱ्या काळ्या जमिनी 'व्हर्टिसॉल' ह्या एकाच वर्गात घालतात. रंगावरून कूळ ओळखू नये, हे मातीच्या बाबतीतही खरे ठरते.

ह्या भूमीचे मूळ रहिवासी मस्कोगी लोक. इंग्रज त्यांना 'क्रीक' म्हणत. नदीकाठच्या एका उंच जागी त्यांनी 'पवित्र भूमी' नावाची वसाहत केली होती. २३ डिसेंबर १८१३ रोजी अमेरिकन सैन्याने तिच्यावर हल्ला केला. मस्कोगींचा नायक विल्यम वेदरफर्ड हा घोड्यासह कड्यावरून नदीत उडी घेऊन निसटला, अशी कथा तेथे अद्याप सांगतात. पुढल्याच वर्षी झालेल्या तहाने मस्कोगींना सुमारे २ कोटी ३० लक्ष एकर भूमी सोडून द्यावी लागली, आणि १८३६ पर्यंत उरलेल्यांना मिसिसिपी नदीपलीकडे हाकलण्यात आले. १८१९ साली अलाबामा हे राज्य झाले व १८३० साली लाउंड्झ परगणा स्थापन झाला. त्याला दक्षिण कॅरोलिनातील विल्यम लाउंड्झ ह्या राजकारणी पुरुषाचे नाव देण्यात आले. त्या पुरुषाचा ह्या मातीशी काही संबंध असल्याचे आम्हांला आढळले नाही. नावे देणारे बाहेरून आले व आपली नावे बरोबर घेऊन आले, एवढेच.

काळ्या जमिनीत कापूस उत्तम येतो, हे बैलहोंगल-सौंदत्तीच्या मुलांना सांगावयास नको. तेथेही गोऱ्या मळेवाल्यांची झुंबड उडाली. कापूस पिकविण्यास मात्र त्यांनी गुलाम आणले. १८६० च्या जनगणनेचे आकडे पाहा. परगण्याची एकूण लोकसंख्या २७,७१६. त्यांत गोरे ८,३६२, गुलाम १९,३४०, आणि स्वतंत्र कृष्णवर्णीय अवघे १४. शंभरातील सत्तर माणसे दुसऱ्याच्या मालकीची होती.

ह्या मोजणीविषयी दोन गोष्टी सांगितल्याखेरीज आमच्याने पुढे जाववत नाही. पहिली ही की, गुलामांची नोंद वेगळ्या तक्त्यात होई व तीत त्यांची नावे लिहीत नसत. वर मालकाचे नाव आणि खाली वय, स्त्री की पुरुष व वर्ण, बस्स. एकोणीस हजार माणसे मोजली गेली, पण त्यांतील एकाचेही नाव त्या तक्त्यात नाही. दुसरी अशी की, राज्यास प्रतिनिधिगृहात किती जागा मिळावयाच्या हे ठरविताना प्रत्येक गुलाम तीन-पंचमांश माणूस म्हणून हिशेबात धरला जाई. गणिताची आवड असलेल्यांनी हिशेब करावा. १९,३४० माणसांची ११,६०४ माणसे होतात. बरे, त्या ११,६०४ मुळे वाढलेले वजन मिळे ते कोणास? ज्यांना मत होते त्या मालकांस.

१८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. दक्षिणेची बंदरे अडविली गेल्याने तेथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाड, खानदेश व धारवाडकडील शेतकऱ्यांच्या हाती कधी नव्हे तो पैसा खुळखुळला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले व मुंबईतील अनेक सावकार धुळीस मिळाले. हा संबंध त्याहूनही जुना आहे. १८४० साली ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेच्या दक्षिणेतील काही कापूसमळेवाले मुद्दाम हिंदुस्थानात आणले होते, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत धारवाडकडे अमेरिकन बियाण्याचा कापूस रुजला. 'धारवाड-अमेरिकन' ह्या नावाने तो बाजारात ओळखला जाई. तेव्हा तो परगणा दूरदेशीचा खरा, पण कापसाच्या धाग्याने तो आपल्या शिवाराशी बांधलेला होता.

युद्धानंतर गुलाम मुक्त झाले. १८७० च्या जनगणनेत त्यांची नावे प्रथमच लिहिली गेली. त्या वर्षी परगण्याची लोकसंख्या २५,७१९ अशी कमी दिसते. परंतु येथे घाईने निष्कर्ष काढू नये. १८६६ मध्ये शेजारी क्रेनशॉ नावाचा नवा परगणा करताना लाउंड्झचा काही भाग त्यात गेला होता. आकडे वाचताना सीमा बदलली काय हे आधी पाहावे. ही गोष्ट सीमाभागात राहणाऱ्या आम्हां लोकांना निराळी शिकवावी लागू नये.

पुढे लोकसंख्या वाढत गेली व १९०० साली ती ३५,६५१ ह्या शिखरास पोहोचली. माणसे मुक्त झाली तरी जमीन त्यांची झाली नव्हती. बहुतेक कुटुंबे मालकाच्या जमिनीत खंडाने वा वाट्याने कापूस पिकवीत. बी, अवजार, धान्य सारे उधार घ्यावयाचे आणि हंगामाच्या शेवटी हिशेब करावयाचा, तो हिशेब मालकाच्या वहीत. ह्या काळोखात एक दिवा होता, तो काल्हून येथील शाळेचा. १८९२ मध्ये शार्लट थॉर्न व मेबल डिलिंगहॅम ह्या दोन गोऱ्या शिक्षिकांनी, बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या प्रोत्साहनाने, कृष्णवर्णीय मुलांकरिता ती स्थापिली. शाळेने नुसते धडे दिले नाहीत. जमीन विकत घेऊन ती लहान लहान तुकड्यांनी शेतकरी कुटुंबांस हप्त्याने देण्याची योजनाही तिच्या आश्रयाने चालली.

१९०६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस हे थोर समाजशास्त्रज्ञ ह्या परगण्याचा अभ्यास करावयास आले. जमीन कोणाकडे, खंड किती, कर्ज किती, कुटुंबे कशी राहतात, ह्याची त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर फिरून नोंद केली. नकाशे व तक्ते जोडून तो ग्रंथ सरकारी खात्याकडे पाठविला. खात्याने तो छापला नाही. पुढे ड्यूबॉइस यांनी हस्तलिखित परत मागितले, तेव्हा ते नष्ट केल्याचे त्यांना कळविण्यात आले. आम्ही परीक्षेचे पेपर व प्रगतिपुस्तके सांभाळणारी माणसे आहोत. शेकडो घरांची माहिती अशी कागदासकट नाहीशी व्हावी, ह्या गोष्टीने आमच्या मनास जी टोचणी लागली ती लढाईच्या वर्णनांनीही लागली नव्हती. लाउंड्झच्या लोकांविषयी त्या काळची सर्वांत चांगली माहिती कदाचित त्या कागदांत होती.

त्यानंतर उतरणीचा काळ आला. १९१० साली ३१,८९४ माणसे होती, ती १९२० मध्ये २५,४०६ झाली. ह्याची कारणे अनेक. टेक्सासच्या बाजूने सरकत सरकत आलेला बोंड पोखरणारा सोंडकिडा १९१० च्या सुमारास अलाबामात शिरला व त्याने कापूस फस्त केला. उत्तरेकडील कारखान्यांना मजूर हवे होते, आणि मारहाण व अपमान यांनी गांजलेली माणसे आगगाडीत बसून डिट्रॉइट-शिकागोची वाट धरू लागली. उरलेल्यांचे काम पुढे कापूस वेचणाऱ्या यंत्रांनी घेतले. मळ्यांच्या जागी गुरांची कुरणे व पाइनची लागवड आली. १९५० साली १८,०१८, १९६० साली १५,४१७, १९७० साली १२,८९७. २००० साली आकडा १३,४७३ पर्यंत किंचित वर चढला आणि पुन्हा उतरला. १९०० च्या दर शंभर माणसांमागे आज तेथे एकोणतीस उरली आहेत. त्यांतील शेकडा सत्तरहून अधिक कृष्णवर्णीय आहेत.

१९६५ च्या आरंभी, परगण्यात दर पाचांत चार माणसे कृष्णवर्णीय असता, मतदारयादीत त्यांच्यापैकी एकाचेही नाव नव्हते. उलट नोंदलेल्या गोऱ्या मतदारांची संख्या मतास पात्र असलेल्या गोऱ्या माणसांहून अधिक भरत होती! मेलेल्यांची व परगणा सोडून गेलेल्यांची नावे यादीत जिवंत होती, आणि जिवंत माणसांची नव्हती. नाव नोंदवू पाहणाऱ्याचा रोजगार जाई, घर जाई, प्रसंगी प्राणही जाई. 'रक्तरंजित लाउंड्झ' असे टोपणनावच ह्या परगण्यास पडले होते. त्या वर्षी २१ ते २५ मार्च ह्या दिवसांत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली सेल्माहून माँटगोमेरीपर्यंत ५४ मैलांचा पायी मोर्चा निघाला, तो ह्याच महामार्ग ८० ने. लाउंड्झमध्ये रस्ता अरुंद असल्याने न्यायालयाच्या आज्ञेने तेवढ्या भागात तीनशेच माणसांना चालता आले. मोर्चा संपला त्याच रात्री मोर्चेकऱ्यांना मोटारीने पोहोचविणाऱ्या व्हायोला लिउझो ह्या गोऱ्या बाईंना ह्याच परगण्यात गोळ्या घालून ठार मारण्यात आले. ऑगस्टमध्ये मताधिकाराचा कायदा झाला व त्याच महिन्यात जोनाथन डॅनियल्स हा धर्मशास्त्राचा विद्यार्थी हेनव्हिल येथे मारला गेला.

मत नोंदविले म्हणून मालकांनी ज्या कुटुंबांना घराबाहेर काढले, त्यांनी महामार्गाच्या कडेला तंबू ठोकून दिवस काढले. त्या जागी २००६ साली संग्रहालय उघडण्यात आले. जॉन ह्यूलेट, स्टोक्ली कार्माइकल इत्यादींनी परगण्यात स्वतंत्र पक्ष स्थापिला. निरक्षर मतदारांसाठी अलाबामाच्या कायद्याप्रमाणे पक्षाला चित्ररूप निशाणी लागे. आपल्याकडेही ही पद्धत आहे. प्रस्थापित पक्षाची निशाणी पांढरा कोंबडा होती, ह्यांनी काळा पँथर घेतला. १९६६ च्या निवडणुकीत ते हरले. परंतु १९७० मध्ये जॉन ह्यूलेट शेरीफ म्हणून निवडून आले. ज्या शेरीफच्या नावाने लोक थरथरत, त्याच्या खुर्चीत त्यांच्यातला माणूस बसला. इकडे ती निशाणी कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या तरुणांनी १९६६ च्या अखेरीस उचलली, आणि त्यांच्या संघटनेच्या नावावरून मुंबईत १९७२ साली नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदी तरुणांनी 'दलित पँथर' काढली. लाउंड्झच्या मतपत्रिकेवरील चित्र असे मराठी साहित्यात व समाजकारणात येऊन पोहोचले.

आता पुन्हा मातीकडे येऊ, कारण मातीने त्या माणसांचा पिच्छा सोडलेला नाही. विखुरलेल्या वस्तीमुळे परगण्यातील असंख्य घरांना सार्वजनिक गटार नाही. घरोघर सेप्टिक टाकी बांधून तिचे पाणी शोषखड्ड्यात किंवा चरात मुरवावयाचे, ही सर्वसाधारण रीत. परंतु ती रीत पाणी मुरणाऱ्या जमिनीसाठी आहे. येथे वर चिकणमाती, खाली खडू. पाणी मुरत नाही. पावसात टाक्या उलटतात व मैला न्हाणीघरात परत येतो. ह्या जमिनीला चालेल अशी खास टाकी बांधावयास हजारो डॉलर लागतात, ते गरिबांनी आणावेत कोठून? मग एक नळ घराबाहेर काढून मैला उघड्यावर सोडतात. ह्याकरिता काही लोकांवर खटलेही भरण्यात आले. ह्याच परगण्यात वाढलेल्या कॅथरिन कोलमन फ्लॉवर्स ह्या बाईंनी ही गोष्ट जगापुढे मांडली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५५ जणांची तपासणी झाली व त्यांतील तिसऱ्या हिश्शाहून अधिकांत अंकुशकृमीची लक्षणे सापडली. संख्या लहान आहे, त्यावरून साऱ्या परगण्याविषयी बोलता यावयाचे नाही. तरी हा रोग त्या श्रीमंत देशातून कधीच गेला असे समजले जात होते. २०२३ मध्ये केंद्रीय न्यायखाते व राज्याचे आरोग्यखाते यांच्यात ह्याविषयी करार झाला, आणि एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने तो संपुष्टात आणला.

हे वाचून झाल्यावर दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही वर्गातील मुलांना घेऊन एक प्रयोग केला. फूटभर रुंद व दोन फूट खोल असा एक खड्डा शहराच्या पश्चिमेस तांबड्या मातीत खणला, व तसाच दुसरा एका विद्यार्थ्याच्या वडिलांच्या काळ्या शेतात. दोन्हींत सारखेच पाणी ओतून माती आधी चांगली भिजू दिली, मग पुन्हा काठोकाठ भरून काठीवर खुणा केल्या. तांबड्या मातीतले पाणी मुलांच्या गप्पा संपण्याआधीच दिसेनासे झाले. काळ्या शेतातल्या खड्ड्यापाशी त्या विद्यार्थ्यास राखणीला ठेवून आम्ही परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो प्रार्थनेपूर्वीच आमच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. काठी बरोबर आणली होती. खूण जेमतेम चार बोटे खाली उतरली होती.

"सर," तो म्हणाला, "वडील विचारत होते, मग त्या लोकांनी घरे तरी कोठे बांधावीत?"